थंडी तर पडली, मग फूल का नाही?

यावेळी टपालात आणि व्हॉट्सअॅपवर मिळून जे प्रश्न आले त्यातले निम्म्याहून जास्त थंडी आणि फळझाडं याच विषयावर आहेत. दरवर्षी जानेवारी संपताना हे असंच होतं, लोक स्वेटर घालून गच्चीवर उन्हात बसतात आणि बसल्या बसल्या खालच्या झाडाकडे बघून त्यांना शंका येतात. त्यामुळे गुलाबावरचा मावा आणि मनीप्लांटची पिवळी पानं पुढच्या अंकात, रागावू नका.

प्रश्न: ताई नमस्कार, आम्ही ग्वाल्हेरला थाटीपूरमध्ये राहतो. चार वर्षांपूर्वी शिमल्याहून येताना ह्यांनी हौसेने सफरचंदाचं रोप आणलं, रॉयल डिलिशस म्हणून सांगितलं होतं. ते गॅरेजच्या दक्षिणेकडच्या भिंतीला लावलंय, दिवसभर छान ऊन येतं. झाड माझ्या डोक्याच्या वर गेलंय पण फूल एक नाही. पानं पण मार्च संपता संपता येतात आणि तीही फक्त फांदीच्या टोकाला, खाली सगळी नुसती काठी. यंदा तर पारा 3 वर गेला होता, आम्ही दोन रजया घेऊन झोपत होतो, अजून किती थंडी पाहिजे त्याला? माळी म्हणतो खत कमी पडतंय.

उत्तर: माळ्याचं ऐकू नका, निदान या बाबतीत तरी. टोकाला पानाचा झुपका आणि खाली नुसती काठी हे वर्णन वाचूनच कळलं की झाडाची झोप पूर्ण झालेली नाही. खत घातलंत तर काठी अजून लांब होईल, बस.

आता थोडं लांबून सांगते. सफरचंदाचं माहेर म्हणजे कझाकस्तानातल्या तिएन शान डोंगराचा भाग, जिथे जंगली सफरचंदाची झाडं आजही आहेत. तिथे जानेवारीत मधेच आठवडाभर छान ऊन पडलं आणि झाड फसून फुललं तर पुढच्या बर्फात सगळा मोहोर जळून जाणार. म्हणून या झाडांनी एक नियम धरलाय की अमुक इतकी थंडी अंगावरून गेल्याशिवाय डोळा उघडायचाच नाही, मग बाहेर कितीही ऊब असो. डोळा म्हणजे फांदीवरचा कळीचा डोळा. थंडीचा कोटा भरला की मग ऊब मोजायला सुरुवात होते आणि तीही पुरेशी झाली की फूल. म्हणजे आधी थंडी, मग ऊब, याच क्रमाने.

हा कोटा मोजायची जुनी पद्धत म्हणजे 7.2 डिग्रीच्या खाली किती तास गेले ते मोजायचं. (7.2 हा तुटका आकडा अमेरिकेतून आलाय, फॅरनहाइटमध्ये तो सरळ 45 आहे.) डिलिशस जातीच्या सफरचंदाला असे साधारण हजार किंवा त्याहूनही जास्त तास लागतात. आता तुम्हीच बघा, ग्वाल्हेरला कडाक्याच्या रात्री पारा 7 च्या खाली जातो तो पहाटे दोन-तीनला आणि आठ-साडेआठला परत वर येतो, म्हणजे झाले सहा तास. हजार तासांसाठी अशा दीडशेच्या वर रात्री पाहिजेत आणि आपली खरी थंडी चालते डिसेंबर मध्यापासून जानेवारी अखेरपर्यंत. गणित बसतच नाही.

आणि गंमत पुढेच आहे, पारा 3 वर गेला की 1 वर याने झाडाला जास्त फायदा होत नाही. आपल्याला वाटतं जितकी कडक थंडी तितकं चांगलं. 1974 साली अमेरिकेत यूटामध्ये जो हिशोब बसवला गेला त्यात साधारण अडीच ते नऊ डिग्री हा सगळ्यात कामाचा पट्टा, तिथे तासाला एक पूर्ण मार्क. नऊ ते साडेबाराला अर्धा मार्क, अगदी शून्याजवळ काहीच नाही, आणि सोळाच्या वर गेलं की मार्क कापायला सुरुवात, अठराच्या वर तर प्रत्येक तासाला एक मार्क वजा. मी मागच्या वर्षी ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या आमच्या गच्चीवर एक दिवस वही घेऊन बसले होते (घरचे हसत होते, हसू देत), रात्रीचे मिळून नऊ मार्क झाले, दुपारी चांगलं ऊन पडलं, पाच तास पारा वीसच्या वर होता आणि दोन तास सोळा-सतराला, म्हणजे सहा गेले. चोवीस तासांत हातात उरले तीन. रजया मात्र आम्ही पण दोन घेतल्या होत्या.

पण रात्रीची सगळीच कमाई दुपारी जाते असंही नाही. 1987 मध्ये इस्रायलमधल्या संशोधकांनी जे गणित मांडलं ते मला जास्त पटतं, कारण त्यांच्याकडचा हिवाळा आपल्यासारखाच, रात्री गार आणि दुपारी ऊन. त्यांचं म्हणणं असं की थंडी आधी चिल्लरसारखी साठते, ही चिल्लर वरच्या खिशात असते आणि दुपारच्या उन्हात तो खिसा फाटतो. पण पुरेशी चिल्लर जमली की तिची नोट होते आणि ती पेटीत जाते, मग कितीही ऊन पडो ती नोट परत जात नाही. म्हणून सलग दोन-तीन गार दिवस मिळाले तर झाडाची चांदी.

असे दिवस आपल्याकडे कधी येतात? धुक्यात. ग्वाल्हेरचं जानेवारीतलं ते धुकं, ज्यात गाड्या आठ-आठ तास लेट होतात आणि दुपारी दोनला पण महाराज बाड्याच्या चौकात दिवे लावावे लागतात, त्याला आपण शिव्या घालतो, पण डोळ्याला उन्हाचा चटका बसत नाही म्हणून झाडाला ते सोन्यासारखं. उन्हात फांदीवरचा डोळा हवेपेक्षा जास्त तापतो, हे आपण थर्मामीटर सावलीत ठेवून मोजतो म्हणून लक्षात येत नाही. कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीत बदाम-पिस्त्याच्या बागा आहेत, तिथेही हिवाळ्यात दाट धुकं असायचं, ते कमी व्हायला लागलं तेव्हा बागवाल्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या त्या याचसाठी.

आता तुमच्या गॅरेजच्या भिंतीकडे येते. दक्षिणेची भिंत, दिवसभर ऊन, रात्री पण भिंत ऊब सोडत राहते. जास्वंदीला स्वर्ग आहे, सफरचंदाला नाही. मी पण हेच केलं होतं, आमच्या अंगणात सगळ्यात उबदार कोपरा बघून "शिमला वाला" म्हणून एका नर्सरीने दिलेलं रोप लावलं, सहा वर्षं पाणी घातलं, नातेवाईक आले की दाखवायचे, आणि सातव्या वर्षी त्यावर कारल्याचा वेल चढवला. कारली मात्र भरपूर आली.

तुम्ही कारल्यापर्यंत जाऊ नका. झाड जिवंत आहे, मुळं चांगली बसलीयेत, त्यावर कमी थंडीच्या जातीचं कलम करा. फेब्रुवारीच्या सुरुवातीला, डोळे फुटायच्या आत, जाणत्या कलमवाल्याकडून एका फांदीवर अॅना आणि दुसरीवर डॉर्सेट गोल्डन. थंडीचा हिशोब प्रत्येक डोळा आपला आपण ठेवतो, त्यामुळे खालचं खोड डिलिशसचं असलं तरी वरच्या फांद्या आपल्या स्वभावाने फुलतील. अॅना इस्रायलची, तिला दोन-तीनशे तास पुरतात, पण ती एकटी नीट धरत नाही, जोडीला दुसऱ्या जातीचा पराग लागतो म्हणून डॉर्सेट. डॉर्सेट सापडली ती बहामाज बेटांवर, जिथे स्वेटर विकत मिळत असेल का शंका आहे. ही फळं मे-जूनमध्ये तयार होतात, चव शिमल्याची नाही, थोडी आंबट-गोड, पण घरची.

प्रश्न: मी इंदूरला बीएस्सी सेकंड इयरला आहे, बॉटनी. सर म्हणाले की थंडीमुळे झाडाचं जीन एक्स्प्रेशन बदलतं. म्हणजे थंडीने डीएनए बदलतो का? आणि बदलत असेल तर पुढच्या वर्षी झाडाला परत थंडी का लागते? सरांना विचारलं तर म्हणाले सिलॅबसमध्ये नाही.

उत्तर: सिलॅबसमध्ये नाही हे उत्तर मी पण माझ्या नोकरीत दिलंय, तेव्हा सरांना माफ कर. तुझा दुसरा प्रश्न फार चांगला आहे, त्यातच पहिल्याचं उत्तर लपलंय.

डीएनए बदलत नाही. पुस्तक तेच राहतं, कुठलं पान उघडं आणि कुठलं चिकटवलेलं एवढंच बदलतं. पीचच्या झाडात (आपल्याकडे ज्याला आडू म्हणतात) एका ठिकाणी सहा जीन ओळीने शेजारी शेजारी बसलेत, चाळीतल्या खोल्यांसारखे. त्यांना डॅम म्हणतात, डॉर्मन्सी असोसिएटेड मॅड्स बॉक्स याचं लघुरूप. हे जीन चालू असले की डोळ्याला हुकूम असतो की झोपून रहा.

हे कळलं कसं ते ऐक, कारण त्यात मजा आहे. मेक्सिकोत पीचचं एक विचित्र झाड सापडलं जे हिवाळ्यातही झोपायचंच नाही, शेंडा वाढतोय तर वाढतोय, पानंही गळत नाहीत. इंग्रजीत त्याचं नावच एव्हरग्रोइंग. त्याचा डीएनए तपासला तर याच सहा खोल्यांच्या जागी मोठा तुकडा गळालेला निघाला, 2008 मध्ये हे छापून आलं. म्हणजे झोप लावणारा जीन गेला तर झोपच गेली. आपल्याला वाटेल वा, मग असंच झाड लावू, पण हिमाचलात लावलंस तर पहिल्याच पाल्यात (म्हणजे दव गोठतं तो पाला, झाडाचा नव्हे) शेंडे काळे पडतील. पुढे सफरचंदातही त्या घराण्यातले जीन दाबून बघितले, ती झाडंही थंडीत वाढत राहिली.

डॅममधले पाचवा आणि सहावा हे दोन आपल्या विषयाचे. दिवस लहान होऊ लागले की पीचमध्ये हे जोर धरतात, आणि मग थंडीचे तास जसे साठत जातात तसे हळूहळू खाली येतात. जिची थंडीची गरज कमी अशा जातीत ते लवकर खाली येतात, गरज जास्त असेल तर उशिरा. खाली आले की डोळा मोकळा. सफरचंद आणि नाशपाती मात्र दिवसाच्या लांबीला फारसं विचारत नाहीत, ती झोपायला पण गारव्याचीच वाट बघतात. म्हणून इंदूरला सफरचंद लावलं तर डिसेंबरात पण त्यावर गेल्या वर्षाची मळकट हिरवी पानं लटकलेली दिसतात, झोपावं की नाही या घोळात.

आता ते खाली येऊन तिथेच कसे राहतात? जानेवारीत मधेच चार दिवस ऊब आली तर जीन परत चालू का होत नाही? डीएनएचा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो हे तुला माहीत असेल. थंडी पुरेशी झाली की डॅम जीन जिथे आहे तिथल्या रिळांवर मिथाइलच्या छोट्या खुणा लागत जातात, आणि त्या खुणा लागल्या की तो भाग आवळून बंद. कुलूप लावून किल्ली वर ठेवल्यासारखं. वर मी थाटीपूरच्या ताईंना चिल्लर आणि नोट सांगितलं ना, ते गणित मांडलं तेव्हा हे जीन कुणाला माहीत पण नव्हते, त्यामुळे सरळ 'नोट म्हणजे ही खूण' असं परीक्षेत लिहू नकोस, पण दोन्ही गोष्टींचा स्वभाव किती जुळतो बघ.

अॅराबिडोप्सिस नावाच्या मोहरीच्या घराण्यातल्या तणावर हाच प्रकार आधीपासून माहीत होता, तिथल्या जीनचं नाव एफएलसी. थंडीने तोही असाच खुणा लावून बंद होतो आणि मग फूल येतं. युरोपातल्या हिवाळी गव्हाला पण अशी थंडी लागते. आपल्या सीहोरच्या शरबतीला मात्र लागत नाही, आपण रब्बीत पेरतो तो गहू मुळात बिनथंडीचा. यावर एकदा वर्गात वाद घाल, मजा येईल.

आणि तुझा दुसरा प्रश्न, परत दरवर्षी का? कारण या खुणा त्या डोळ्यापुरत्या आणि त्या मोसमापुरत्या. वसंतात डोळा फुटून नवी फांदी होते, तिच्यावर उन्हाळ्यात नवे डोळे तयार होतात, त्यांची पाटी कोरी. त्यांनी अजून एकही हिवाळा बघितलेला नाही.

डोळ्यागणिक हिशोब वेगळा असतो हे अमेरिकेत फ्रेडरिक कोविल यांनी 1920 च्या सुमारास साध्या युक्तीने दाखवलं होतं. ब्लूबेरीचं झुडूप हिवाळ्यात उबदार काचघरात ठेवलं आणि त्याची एकच फांदी बाहेरच्या थंडीत काढून ठेवली. वसंतात बाहेरची फांदी फुटली आणि आतलं बाकीचं झुडूप गाढ झोपलेलं. मूळ एक, खोड एक, तरी. जीनचं नावही न घेता अर्धी गोष्ट त्या माणसाने सांगून टाकली.

प्रश्न: झाडाच्या मुळाशी रोज रात्री बर्फाची लादी ठेवली तर थंडी पूर्ण होईल का? आमच्या शेजारी आइसक्रीमवाल्याचं गोडाऊन आहे, बर्फ फुकट मिळतो. (सुदामानगर, इंदूर)

उत्तर: वरचा ब्लूबेरीचा किस्सा वाचा. थंडी डोळ्याला लागते, मुळाला नाही. फुकटच्या बर्फाचं उसाच्या रसात बघा काहीतरी.

कुंडीतलं छोटं झाड पानं गळल्यावर अख्खं कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवलं तर मात्र खरोखर चालतं, परदेशात नर्सरीवाले रोपं अशीच ठेवतात. पण घरच्या फ्रिजमध्ये नको, शेजारी सफरचंद-केळी असली की त्यातून इथिलीन वायू सुटतो आणि डोळे खराब होतात. आणि घरात भांडण होईल ते वेगळं.

प्रश्न: आम्ही वडोदऱ्याला दांडिया बाजारात. मागे वाडीत केशर आंब्याची दोन झाडं आहेत, पंधरा वर्षांची. यंदा थंडी उशिरा आली आणि एका झाडाला मोहोर आला, दुसऱ्याला नुसती लालसर नवी पालवी. हे पण सफरचंदासारखं थंडीचे तास कमी पडल्यामुळे का? कोणी म्हणतं कल्टार घाला.

उत्तर: नाही, आंब्याचं प्रकरण निराळं. आंबा सफरचंदासारखा झोपत नाही, त्याला सातच्या खाली पारा गेला तर उलट त्रास होतो. त्याला हवा असतो नुसता गारवा, रात्री पंधराच्या आसपास आणि दिवसाही फार तापायला नको. अशा हवेत जुन्या पक्क्या पानांत एक संदेश तयार होतो (एफटी नावाचा जीन चालू होतो आणि त्याचं प्रथिन पानातून शेंड्याकडे जातं), मग शेंड्यातून पालवीऐवजी मोहोर निघतो. तोच शेंडा गरम हवेत फुटायला निघाला तर पालवी. म्हणजे सफरचंदाला थंडी झोप संपवायला लागते आणि आंब्याला शेंड्याने काय व्हायचं ते ठरवायला.

यात 'जुन्या पक्क्या' हा शब्द महत्त्वाचा. तुमच्या दुसऱ्या झाडाने बहुतेक पावसाळा संपताना उशिरा पालवी काढली असणार, थंडी आली तेव्हा पानं कोवळी होती, संदेश देणार कोण. शिवाय मागच्या वर्षी त्या झाडाने भरपूर दिलं असेल तर यंदा विश्रांती, हे केशरमध्ये पण होतं. ऑक्टोबरपासून मोहोर दिसेपर्यंत पाणी बंद ठेवा आणि पावसाळ्याच्या शेवटी युरिया अजिबात नको. दांडिया बाजारात वाडीला लागून कोणाच्या बाथरूमचं पाणी झिरपत असेल तर तेही बघा, हे मी उगाच म्हणत नाही, माझ्या मावशीकडे तेच निघालं होतं.

कल्टार म्हणजे पॅक्लोब्युट्राझॉल, ते झाडातलं जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक दाबतं, वाढ थांबते आणि मोहोराकडे वळतं. मोठ्या बागेत हिशोबाने वापरतात, पण ते मातीत खूप काळ राहतं आणि डोस चुकला तर पुढची पालवी आखडून गुच्छा होतो. दोन झाडांसाठी मी तरी घालणार नाही.

प्रश्न: नाशिकला माझ्या मेहुण्याची द्राक्षबाग आहे, ते डॉरमेक्स लावतात आणि डोळे कसे एकदम फुटतात. ग्वाल्हेरात मुरारला आमच्या प्लॉटवर आडूची बारा झाडं आहेत, फूल येतं पण महिनाभर रेंगाळत येतं, एका फांदीवर फळ धरलेलं आणि दुसरीवर अजून कळी. एक बाटली आणून मारू का?

उत्तर: नका मारू. आधी मेहुण्यांना विचारा की ते फवारतात की पेस्टिंग करतात. नाशिककडे एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराला गोडी छाटणी, गोडी छाटणीनंतर लगेच मजूर हातमोजे घालून काडीवरच्या डोळ्यांना ते औषध लावत जातात. तिथे द्राक्षाला खरी थंडी मिळतच नाही, झोप औषधानेच मोडावी लागते, म्हणून ते त्यांच्या वर्षभराच्या वेळापत्रकात बसलंय. तुमच्या आडूला डोळे फुगायला लागल्यावर मारलंत तर कळ्याच जळतील.

दुसरं म्हणजे ते हायड्रोजन सायनामाइड आहे, चांगलं विषारी. कातडीवर पडलं की भाजतं, आणि त्या दिवशी किंवा नंतरच्या काही दिवसांत माणूस दारू प्यायला तर चेहरा लालबुंद, धाप, बीपी खाली, दवाखान्यात न्यायची वेळ येते. संक्रांत-लग्नसराईचे दिवस, मजूर संध्याकाळी कुठे बसतील आपल्या हातात नाही. युरोपियन युनियनमध्ये तर त्याला परवानगीच नाही.

महिनाभर रेंगाळणारं फूल ही थंडी काठावर कमी पडल्याची खूण आहे, म्हणजे काही डोळ्यांचा कोटा भरला आणि काहींचा नाही. बारा झाडांची जात कुठली ते तुम्ही लिहिलं नाहीत. डोंगरातली असेल तर ती बदला. शान-ए-पंजाब, फ्लोर्डाप्रिन्स, अर्ली ग्रांडे अशा मैदानी जाती आहेत. फ्लोर्डाप्रिन्सला दीडशेच्या आसपास तास पुरतात, एवढे आपल्याकडे बऱ्या हिवाळ्यात मिळून जातात. नाशपाती हवी असेल तर पत्थरनाख, प्लम हवा तर सतलज पर्पल आणि त्याच्या जोडीला पराग देणारी काला अमृतसरी, एकटी सतलज पर्पल लावून नंतर मला पत्र लिहू नका.

एक बिनविषारी युक्तीही आहे. इंडोनेशियात बातू म्हणून गाव आहे, विषुववृत्ताच्या इतकं जवळ की हिवाळा नावाची चीज नाही, आणि तिथे सफरचंदाच्या बागा आहेत. ते करतात काय, फळ उतरवलं की थोड्या दिवसांत झाडाची सगळी पानं हाताने ओरबाडून काढतात, डोळा गाढ झोपायच्या आतच त्याला उठवायचं. वर्षाला दोन पिकं घेतात. मुरारला जसंच्या तसं करू नका, आपल्याकडे उठवलेल्या डोळ्याला पुढे धुकं आणि पाला आहे, पण डिसेंबरच्या मध्यापर्यंत आडूवर पानं टिकून राहिली असतील तर ती काढून टाकायला आणि नोव्हेंबरपासून पाणी तोडायला हरकत नाही, झाड वेळेवर झोपेल आणि सगळे डोळे एकदम झोपतील.

प्रश्न: लेखिका आजी, मी सातवीत आहे. आईने सफरचंद कापलं तर आत एका बीला कोंब आला होता! ते मी कुंडीत लावलंय. त्याला सफरचंद येतील का? (फालके बाजार, ग्वाल्हेर)

उत्तर: कोंब आला कारण ते सफरचंद कोल्ड स्टोरेजमध्ये कितीतरी महिने थंडीत होतं, तेवढ्यात आतल्या बीचा हिवाळा होऊन गेला. बी पण डोळ्यासारखीच थंडी मोजते. बाकीच्या बिया फेकल्या नसशील तर ओल्या टिश्यूपेपरात गुंडाळून, छोट्या डबीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेव, फ्रीजरमध्ये नाही. दोन-अडीच महिन्यांनी त्यातल्याही काही फुटतील.

फळ येईल का, ते सांगणं कठीण. बीचं झाड आईसारखं निघत नाही, लहान, आंबट, कसंही निघू शकतं, आणि सात-आठ वर्षं तरी थांबावं लागतं, तोपर्यंत तू कॉलेजात. पण हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यात हरिमन शर्मा म्हणून शेतकरी आहेत, खालच्या गरम भागात, जिथे सफरचंद होत नाही असं सगळे म्हणायचे. त्यांच्या अंगणात टाकलेल्या बियांतून एक झाड उगवलं आणि त्याला फळ धरलं. त्याची कलमं करत करत त्यांनी जी जात केली तिला एचआरएमएन-99 म्हणतात, ती आता मैदानी भागातही लावतात, 2025 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तुझी कुंडी मात्र दक्षिणेच्या भिंतीला ठेवू नकोस. आणि डबीवर आजची तारीख लिहून ठेव, नाहीतर आई लोणचं समजून बाहेर काढेल.